दोन झेक, दोन झेकं, दोन झेका : पहिलीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

सकाळी पहिलीतलं एक पोरगं सांगत होतं, "बाई, आमच्या घरात दोन टॅबं हाईत." शेजारचा लगेच म्हणाला, "टॅबं न्हवं रं, टॅबा." दोघांचं जुंपलं. मी मध्ये पडले नाही, कारण बरोबर कोण हे मलाही सांगता आलं नसतं. टॅबचं अनेकवचन दोघांना कोणी शिकवलेलं नाही, पुस्तकात ते नाही, आणि घरी टॅब एकच असणार. तरी दोघांच्या तोंडून ते तयार होऊन आलं.

डी. एड.ला असताना वाचलेला एक प्रयोग आठवला. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन बाईंनी पक्ष्यासारखं एक चित्र काढून मुलांना सांगितलं, हा 'वग'. मग तसलीच दोन चित्रं दाखवली आणि वाक्य अर्धं सोडलं. चार ते सात वर्षांच्या मुलांनी 'वग्ज' म्हणून ते पुरं केलं. शब्दच नवा, म्हणजे पाठ करून म्हणायची सोय नाही. मुलांच्या डोक्यात काहीतरी नियम आहे, असा त्याचा अर्थ.

हेच मराठीत करायचं. आमची पहिली आणि शेजारच्या अंगणवाडीतली मोठी मुलं, मिळून वीसेक होतील. तासगाव तालुक्यातलं गाव, बहुतेक घरं द्राक्षबागायतदारांची नाहीतर बागेत मजुरी करणाऱ्यांची. अंदाज : दोन आठवडे.

११ ऑगस्ट

सोळा खोटे शब्द तयार केले. आ-कारान्त, ई-कारान्त, शेवटी अनुस्वार असलेले आणि व्यंजनाने संपणारे, प्रत्येकी चार. शब्दकोशात शोधून पाहिले, सापडले नाहीत ते ठेवले. फार हुशारी केली असं वाटत होतं.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींना यादी वाचून दाखवली. 'चाडं' आलं तशा त्या म्हणाल्या, "ते पाभरीला असतंय की. त्यातनं बी सोडत्यात." आणखी दोन शब्द शेतीतलेच निघाले. एका शब्दावर दाराशी उभी असलेली चौथीची पोरं खिदळायला लागली. का ते मावशींनी माझ्या कानात सांगितलं. तो शब्द इथे लिहीत नाही.

शब्द गाळून घ्यायचे तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आणि चौथीतल्या पोराकडून. माझा शब्दकोश लहान होता आणि मी सांगलीत वाढलेली, पाभर फक्त चित्रात पाहिलेली.

नवी यादी आठाचीच : डोमा, नेपा, लिमी, नुपी, तिबं, गोफं, झेक, गीब. 'गोफं'वर मावशींनी थोडं तोंड वाकडं केलं (गोफ असतो म्हणून), पण ठेवला. ही चूकच झाली, नंतर काढावा लागला.

१८ ऑगस्ट

पहिली चाचणी, पाच मुलं. सपशेल फसली.

मी म्हटलं, "याचं नाव डोमा." दुसरं चित्र पुढे केलं, "आता इथं दोन...?" पोरगी गप्प. मग विचारते कशी, "दुसऱ्याचं नाव काय हाय?"

तिचं बरोबरच होतं. नाव म्हटल्यावर तिने ते विशेषनाम धरलं. शेजारी दोन बाळू राहात असले तर आपण 'दोन बाळू'च म्हणतो, 'बाळवे' म्हणत नाही. दुसऱ्या एका मुलाने "डोमा आन् दुसरा डोमा" असं म्हणून वेळ मारून नेली. 'ला' लावून विचारलं तेव्हा तिघांनी 'डोमाला' म्हटलं, 'डोम्याला' नाही. हेही विशेषनामासारखंच.

पाचही मुलं वाया गेली. एकदा शब्द कानावर पडला की तेच मूल पुन्हा वापरता येत नाही. वीसातली पाच म्हणजे चौथा हिस्सा गेला.

२१ ऑगस्ट

तीन संध्याकाळी एका वाक्यावर घालवल्या. इंग्रजीत 'धिस इज अ वग' म्हटलं की लिंगाबद्दल काहीच कळत नाही. मराठीत तोंड उघडलं की लिंग बाहेर पडतं. 'हा डोमा' म्हटलं की उत्तर निम्मं सांगून झालं. 'याचं' म्हटलं की स्त्रीलिंग कटाप. 'आणखी एक आला' म्हटलं की क्रियापदाने फोडलं. 'कसला', 'कुठली', 'केवढं' यातलं एकही चालत नाही.

न फोडणारे शब्द शोधत बसले. 'एक' चालतो. 'दोन' चालतो. 'आहे', 'आहेत' चालतात. 'इथं' चालतो. एवढ्यावरच वाक्य उभं करायचं. शेवटी हे ठरलं :

"इकडं बघ. इथं एक झेक हाय. आता इथं बघ. इथं दोन..."

'हे बघ'सुद्धा काढलं. बहुधा उगाच, पण त्यात 'हे' येतं म्हणून मनाला लागलं. 'आहे'चं 'हाय' केलं ते मात्र उगाच नाही. प्रमाण भाषेत विचारलं की मुलं परीक्षेच्या आवाजात, हाताची घडी घालून उत्तर देतात, नाहीतर देतच नाहीत. 'हाय' म्हटलं की बोलतात.

मराठीत हे कोणी करणार असेल तर बाकी सगळं विसरा, हे वाक्य आधी घट्ट करा. माझी पाच मुलं याच वाक्याने खाल्ली.

२८ ऑगस्ट

तासगावच्या गणपतीचा रथ. वर्गात कोणी नाही. मीही रथालाच होते.

३ सप्टेंबर

व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांचा घोळ आधी लक्षात आला नव्हता. मुलाने 'दोन झेक' म्हटलं तर त्याने दगड-दगडसारखं पुल्लिंगी अनेकवचन केलं, की नुसतं माझं वाक्य परत म्हटलं? 'झेकं' म्हटलं तर घर-घरं. 'झेका' म्हटलं तर वाट-वाटा. 'झेकी' म्हटलं तर भिंत-भिंती. चारही शक्य. तेव्हा मुलाने झेक कुठल्या लिंगात टाकला हे वेगळं काढून घ्यायला हवं. त्यासाठी विशेषण हवं.

मी सगळी चित्रं लाल रंगवली होती. 'लाल' बदलतच नाही! लाल घोडा, लाल गाडी, लाल फूल. दोन दिवस रंगकाम, वर लॅमिनेशन, सगळं पाण्यात. गुलाबीही तसलाच. काळा, पिवळा, निळा, हिरवा, पांढरा हे चालतात. कार्डं पुन्हा केली, काळी आणि पिवळी.

मग विचारलं, "रंग कुठला?" सगळ्यांनी सांगितलं, "काळा." मी खूश, सगळे झेक पुल्लिंगी! रात्री अंथरुणात लक्षात आलं की 'काळा' हे 'रंग'चं विशेषण आहे, झेकचं नाही. प्रश्नच चुकीचा.

अंगणवाडीच्या ताईंनी तोडगा काढला. एक काळं आणि एक पिवळं कार्ड मुलापुढे ठेवायचं, मी डोळे मिटायचे, मुलाने एक पाठीमागे लपवायचं. "काय लपवलंस?" मूल किंचाळतं, "काळी झेक!" बास. लिंग आपोआप मिळतं. संपूर्ण प्रकल्पातली सगळ्यात कामाची युक्ती, आणि ती माझी नाही.

चित्राचीही भानगड झाली. एका प्राण्याला मी सहज लांब पापण्या काढल्या होत्या, तो जवळपास सगळ्यांनी 'पिवळी' केला. एकाने विचारलं, "मिशा न्हाईत, मंजी बाईच ना?" आता सगळे प्राणी बिनपापण्यांचे, बिनमिशांचे, बटाट्यासारखे. शिवाय पहिलं चित्र कोंबडीसारखं आल्यामुळे दोघांनी सरळ 'कोंबड्या' म्हटलं होतं, तेही बदललं.

९ सप्टेंबर

मोबाइल टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण. वर पत्रा, वरून पाऊस. 'गीब' आणि 'गीबं' यातला फरक म्हणजे शेवटचा एक पुसट स्वर. पावसात तो ऐकूच येत नाही. चार मुलांचं मुद्रण फुकट.

कॉलरला लावायचा माइक आणला, ३८० रुपये. पोरं तो तोंडात घालतात.

आणखी एक सुधारणा : उत्तरापुढे 'हाईत' म्हणायला लावलं. 'दोन गीबं हाईत' यात शेवटचा स्वर नीट सुटा ऐकू येतो, नुसत्या 'गीबं'मध्ये मूल तो गिळतं.

१६ सप्टेंबर

बक्षीस म्हणून बेदाण्याच्या पुड्या केल्या होत्या. तासगावात बेदाणा कोण खातं! घरोघरी पोती पडलेली. एका मुलाने पुडी परत दिली आणि वर म्हणाला, "आमचा याच्यापेक्षा हिरवा असतो." लेमनच्या गोळ्या आणल्यावर रांग लागली.

क्रमाचीही चूक सापडली. आधी डोमा, नेपा असे आ-कारान्त सलग विचारत होते. डोमे, नेपे म्हणून जीभ वळली की पुढे 'झेके' येतं. आता शब्द पिसून, मध्ये ओळखीचे पेरून : बेदाणा, काडी, केळं, घड. ओळखीच्या शब्दांना सगळी मुलं बरोबर. यावरून काही सिद्ध होत नाही, ते पाठ असू शकतात. बर्कोबाईंच्या मुलांनीही 'ग्लासेस' बरोबर सांगितलं होतं, पण तशाच शेवटाच्या खोट्या 'टास'ला 'टासेस' म्हणताना बरीच अडली होती. ओळखीचे शब्द फक्त जीभ मोकळी करायला.

३० सप्टेंबर

पहिली फेरी संपली. चौदा मुलं हिशेबात धरता येतील. एवढ्यावर टक्केवारी काढत नाही.

डोमा-डोमे, नेपा-नेपे : पहिलीतल्या सगळ्यांनी. अंगणवाडीतले दोघे अडले. लिमी-लिम्या, नुपी-नुप्या : तसंच, फारसा त्रास नाही. तिबं-तिबी : इथे लहान मुलं गळाली. 'दोन तिबं' किंवा 'तिबे'. केळी, अंडी ती रोज म्हणतात, पण नव्या शब्दावर ते चालवायला कचरतात. का, ते मला माहीत नाही. एक शंका आहे : ई हा शेवट 'काठी'सारख्या एकवचनालाही असतो आणि 'केळी'सारख्या अनेकवचनालाही. अनेकवचनाची खूण म्हणून तो विश्वासू नाही.

झेक आणि गीबने मात्र माझी उत्तरपत्रिकाच मोडीत काढली. मी आधी तक्त्यात 'बरोबर', 'चूक' असे रकाने पाडले होते. झेकपुढे काय बरोबर लिहायचं? काळा झेक म्हणणाऱ्याने दोन झेक म्हटलं, बरोबर. काळं झेक म्हणणाऱ्याने झेकं म्हटलं, बरोबर. काळी झेक म्हणणाऱ्या एकीने झेका म्हटलं आणि एकीने झेकी. दोन्ही बरोबर! रकाने खोडले. आता एकच पाहायचं : विशेषण आणि अनेकवचन एकमेकांना धरून आहे का? दोघं सोडून सगळ्यांचं होतं. म्हणजे मुलाने शब्द ऐकला, त्याला लिंग दिलं आणि पुढचं सगळं त्या लिंगाप्रमाणे चालवलं. एवढं अर्ध्या मिनिटात.

मधल्या सुट्टीत शिक्षकांना विचारून पाहिलं. सहा जण, झेकची तीन उत्तरं. मुख्याध्यापक म्हणाले, "शब्दच अस्तित्वात नाही तर त्याचं अनेकवचन कसलं?" आणि चहा प्यायला लागले. बर्कोबाईंनी मोठ्या माणसांनाही विचारलं होतं. मी ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. मोठ्यांचंच एकमत नसेल तर मुलाचं काय चुकलं म्हणायचं?

१४ ऑक्टोबर

मुद्रण ऐकून लिहून काढतेय. तासाभराच्या मुद्रणाला साधारण पाच तास. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मुलामागे दहा मिनिटांऐवजी चारच ठेवली असती. छाटणीचे दिवस, मागे फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज कायम.

पडताळणीला पुण्याहून बदलून आलेल्या एका सहकाऱ्यांना अर्धं मुद्रण दिलं. गीब की गीबं यावर आमचं सात ठिकाणी जमलं नाही, ती सातही उत्तरं हिशेबातून काढली. पण त्यांनी आणखी काहीतरी केलं. मुलींच्या 'मी सांगतो', 'मी लपवतो' यांना लाल गोल करून 'लिंगाची चूक' असा शेरा मारला.

ती चूक नाही. सांगली-कोल्हापूरकडे बायका 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. त्या मुलींच्या आया, आज्या तसंच बोलतात, आणि मुली जे ऐकतात तेच चोख शिकल्या आहेत. त्याच मुलीने पुढच्या वाक्यात 'काळी नुपी' म्हटलंय. लिंग तिला पक्कं कळतं. माहेरी गेले की मीही 'येतो गं' म्हणते, वहीत 'येते' लिहिते. ते गोल खोडरबरने पुसत बसले, गेले नाहीत.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. दुसरी फेरी, 'ला'ची : "... खाऊ दे." या वेळी 'नाव' हा शब्द तोंडातून काढला नाही, तर पहिलीची मुलं सरळ 'डोम्याला', 'तिब्याला' म्हणाली. अंगणवाडीत 'तिबंला' दोनदा आलं.

एक मुलगी हिशेबात धरू की नको कळत नाही. आई जत भागातली, घरी कन्नड. तिच्या लपवाछपवीत जवळजवळ सगळंच नपुंसकलिंगी : काळं झेक, काळं गीब, आणि एकदा चक्क काळं लिमी. कन्नडमध्ये माणसं सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगात जातं, मराठीसारखं खुर्ची बाई आणि पाट बाप्या असं नसतं. तिचं त्यामुळेच होतंय म्हणायला एक मूल पुरत नाही. वेगळ्या पानावर लिहून ठेवलंय.

१९ नोव्हेंबर

झेका की झेकी, हे डोक्यातून जात नव्हतं. व्यंजनाने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दाला कधी आ लागतो, कधी ई. वाटा, विटा, जिभा, चुका. पण भिंती, गाई, म्हशी. १९११ साली छापलेल्या दामल्यांच्या व्याकरणापासून हे दोन गट सांगत आलेत, शाळेत आपण ते शब्दागणिक पाठ करतो.

काल बाजारात यादी करताना लक्षात आलं : बॅगा, नोटा, पण सायकली, पेन्सिली, फायली. तिन्ही ल-ने संपणारे. घरी येऊन ल-चे शब्द आठवत बसले. वेली, चाली, शाली, पाली, मशाली, सहली, चुली, मैफली. ऊसतोडीच्या टोळ्या घेतात त्या उचली. एकही 'आ' नाही! ळ-ला हे लागू नाही (माळा, वेळा, पण ओळी).

आज नवा शब्द केला, 'नोल'. या वेळी लिंग लपवायचं नव्हतं, उघड सांगितलं : "ही एक नोल हाय." आणि जोडीला "ही एक झेक हाय." झेकला फाटाफूट, झेका आणि झेकी दोन्ही, एका मुलाने तर सकाळी एक आणि दुपारी दुसरं. नोलला मात्र नोली, नोली, नोली. एकच 'नोला', आणि तो मुलगा गोळी मिळाल्यावर 'नोली' म्हणाला, तेव्हा तो हिशेबात नाही. शिक्षकांनाही नोलीच सुचलं. मला ही गोष्ट सोळा वर्षं शिकवून माहीत नव्हती, आणि अंगणवाडीतली पोरं ती रोज वापरतात.

१ डिसेंबर

खर्च : कार्डशीट आणि रंग २१०, लॅमिनेशन दोनदा मिळून ५६०, माइक ३८०, झेरॉक्स ९०, लेमनच्या गोळ्या १५०, बेदाणा घरचा. पालकांच्या संमतीची चिठ्ठी हाताने लिहिली, तिचा खर्च नाही, पण ती आधी तोंडी सांगून मगच द्या. दोन घरांत कागद पाहून वाटलं की पोराला वेगळ्या शाळेत घालतायत.

वेळ : दोन आठवड्यांचे चार महिने. त्यातला निम्मा वेळ मुलांवर नाही, माझ्या वाक्यांवर आणि रंगांवर गेला.

४ डिसेंबर

मुख्याध्यापकांना ल-ची गोष्ट सांगितली. त्यांना गाण्याचा नाद आहे. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "गझल?"

मी गप्प. गझला. आपण गझलाच म्हणतो. नियम गेला, पंधरा दिवस टिकला नाही.

वर्गात आले. पाठीमागे सर होतेच, मजा बघायला. पहिल्या बाकावरच्या पोराने गझल हा शब्द ऐकलेला असायचं काही कारण नाही, त्याच्या दृष्टीने तो झेकसारखाच. कार्ड नव्हतं, म्हणून फळ्यावर खडूने एक बटाटा काढला. "इकडं बघ. ही एक गझल हाय." शेजारी दुसरा बटाटा काढला. "इथं दोन..."

"गझली हाईत," तो म्हणाला, आणि गोळीसाठी हात पुढे केला.

सरांनी खिशातून काढून दिली.